देणारा झाकलेला, हिशेब उघडा : मराठी मंडळ्यांच्या पाळकांना, धर्मगुरूंना आणि कमिट्यांना खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, फादर आणि कमिटीतील बंधुभगिनी,

प्रभूच्या नावाने सलाम.

उपासना संपल्यावर व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या आतल्या खोलीत, दानाच्या पिशव्या रिकाम्या करून नोटा लावणारे, वर्षाअखेर ऑडिटरपुढे वह्या मांडणारे आणि आठवड्यात घरसभा चालवणारे आम्ही सभासद आहोत. आमची मागणी एकच आहे. देणाऱ्याचं नाव झाका आणि पैशाचा हिशेब उघडा. सध्या पुष्कळ ठिकाणी नेमकं उलट चालतं. कोणी किती दिलं हे पुढे उभं राहून वाचलं जातं, वार्षिक अहवालात छापलं जातं, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं जातं. त्या पैशांचं काय झालं हे मात्र विचारावं लागतं, आणि विचारणाऱ्याकडे लोक वळून बघतात.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू दान, प्रार्थना आणि उपास या तीन गोष्टी एकाच साच्यात सांगतो. लोकांनी पाहावं म्हणून करू नका, गुप्तपणे करा, गुप्तातलं पाहणारा पिता फेड करील. राखेच्या बुधवारी कॅथलिक चर्चमध्ये दरवर्षी हाच उतारा वाचतात आणि उपवासकाळाची तीन कामं त्यातूनच सांगतात. त्यातलं एक वाक्य हिशेब लिहिणाऱ्याला लगेच टोचतं. दिखाऊ दान करणारे ‘आपले प्रतिफळ भरून पावले आहेत’. मूळ ग्रीकमध्ये इथे ‘आपेखो’ हे क्रियापद आहे. त्या काळच्या इजिप्तमधल्या पावत्यांवर तेच क्रियापद ‘रक्कम पूर्ण मिळाली’ या अर्थाने सापडतं. आपल्या जुन्या खतांमध्येही ‘रुपये भरून पावलो’ असंच लिहीत, त्यामुळे मराठी भाषांतर इथे मुळाइतकंच नेमकं उतरलं आहे. लोकांनी वाहवा केली, पावती फाडली गेली, खातं बंद झालं. देवाकडून येणं काही उरलं नाही.

यरुशलेमच्या मंदिरात दानासाठी तेरा पेट्या होत्या आणि त्यांची तोंडं कर्ण्यासारखी होती, अशी नोंद यहुद्यांच्या मिश्ना या ग्रंथात आहे. धातूचं नाणं अशा तोंडातून घरंगळत गेलं की टाकणाऱ्याचा हात किती मोठा हे शेजारच्याला कानानेच कळत असणार. ‘कर्णा वाजवू नको’ म्हणताना येशूचा रोख त्या पेट्यांवर होता की ती नुसती थट्टा होती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आपला कर्णा ओळखायला अभ्यासक लागत नाहीत. तो लाउडस्पीकरला जोडलेला असतो.

प्रार्थनेबद्दलच्या ओळीतला ‘खोलीत जा, दार लाव’ यातल्या खोलीसाठीचा ग्रीक शब्द ‘तामेइओन’ म्हणजे घरातली कोठी, धान्य आणि चीजवस्तू ठेवायची आतली खोली. शेतकऱ्याच्या लहानशा घरात दार लावून एकटं होता येईल अशी जागा बहुधा तीच. म्हणजे पोत्या-कणग्यांच्या मधे उभं राहून देवाशी बोलायचं. ज्या खोलीतून दान बाहेर निघायचं त्याच खोलीत प्रार्थना व्हायची. येशूने हे मुद्दाम जुळवलं असं आम्ही म्हणत नाही, पण मराठी वाचकाने ‘खोली’ या शब्दाआड लपलेली ही कोठी बघावी असं वाटतं. प्रेषितांच्या कृत्यांत कर्नेल्य या रोमी शताधिपतीला देवदूत सांगतो की त्याच्या प्रार्थना आणि त्याचे दानधर्म देवापुढे स्मरणार्थ वर गेले आहेत. दोन्ही एका वाक्यात, एकत्र वर गेलेले. त्या वेळी त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता.

आम्ही हे बोललो की आमच्यापुढे पहिल्या मंडळीतल्या बर्णबाचं नाव येतं. त्याने शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवले आणि त्याचं नाव तर शास्त्रातच लिहिलं आहे, मग आम्ही का वाचू नये? नाव आहे, कबूल. रक्कम मात्र नाही. आणि त्याची गोष्ट जिथे संपते त्याच्या पुढच्याच ओळीत हनन्या आणि सप्पीरा हे जोडपं येतं, शेत विकून काही पैसे मागे ठेवणारं आणि सगळे दिले असं भासवणारं. बर्णबाला जो मान मिळाला तोच त्यांना हवा होता, तेवढे पैसे सोडवत मात्र नव्हते. प्रेषित पेत्राचा रोख कमी देण्यावर नाही. शेत तुमचंच होतं, विकल्यावर पैसेही तुमच्याच हाती होते, असं तो उलट म्हणतो. गुन्हा होता तो दिखाव्यासाठी बोललेल्या खोट्याचा. नावं वाचली जातात तिथे हनन्या तयार होतात, हे आम्ही रोखीने सांगू शकतो. ५००१ जाहीर करून १००० भरलेल्या नोंदींची ‘येणे’ची पानं बहुतेक खजिनदारांच्या वहीत असतात.

प्रेषित पौलाकडे बघा. यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी त्याने मासेदोनिया, अखया, गलतिया इथल्या मंडळ्यांमधून वर्गणी गोळा केली. करिंथकरांना चेव यावा म्हणून तो मासेदोनियाचं उदाहरण देतो, पण प्रांताचं नाव घेतो, माणसांचं घेत नाही, आकडा तर नाहीच. माणसं येतात ती पैसे नेणारी. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तीताबरोबर आणखी दोन भाऊ पाठवले आहेत, त्यातला एक तर मंडळ्यांनी निवडलेला. कारणही तो लपवत नाही. एवढी मोठी रक्कम हाताळताना आमच्यावर कोणी ठपका ठेवू नये, प्रभूच्याच दृष्टीने नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने जे चांगलं ते आम्ही बघतो, असं तो सांगतो. पुढे प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात त्याच्या सोबत्यांची यादी आहे : सोपत्र, अरिस्तार्ख, सकुंद, गायस, तीमथ्य, तुखिक, त्रफिम. हे आपापल्या मंडळ्यांच्या वतीने वर्गणीसोबत निघालेले प्रतिनिधी असावेत असं बरेच अभ्यासक मानतात. पैसे हाताळणारे सात जण नावानिशी ठाऊक आणि देणारे हजार असतील तर एकही नाही. आमच्या पत्राचं शीर्षक तिथूनच आलं आहे.

विधवेच्या दोन टोल्यांवर, म्हणजे तिने टाकलेल्या दोन अगदी लहान नाण्यांवर, दानाच्या रविवारी हमखास उपदेश होतो. एक विनंती आहे. वाचन मार्क १२:४१ पासून सुरू करू नका, ३८ पासून करा, आणि १३:२ पर्यंत चालू ठेवा. आधीच्या ओळींत येशू शास्त्र्यांना झोडपतो. ते विधवांची घरं गिळतात आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. लगेच एक विधवा येते आणि तिच्याजवळ होतं नव्हतं ते सगळं पेटीत टाकते. मग शिष्य मंदिराचे दगड किती भव्य म्हणून बघत बसतात आणि येशू म्हणतो, दगडावर दगड राहणार नाही. सलग वाचलं की ही गोष्ट ‘तिच्यासारखं द्या’ एवढीच राहत नाही. तिच्याकडून शेवटची दमडी घेणाऱ्या व्यवस्थेकडेही बोट जातं. दोन टोल्या म्हणजे दिनाराचा चौसष्टावा भाग, आणि दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. आज रोज ४०० रुपये धरला तर ते होतात सव्वासहा रुपये. सव्वासहा रुपये पिशवीत टाकणाऱ्या बाईकडे आपली मंडळी नंतर काय बघते, हा त्या उताऱ्याचा दुसरा अर्धा भाग आहे.

आता कामाचं.

दान उघड्या थाळीत घेऊ नका. थाळीत नोटेचा रंग दिसतो आणि पुढच्या बाकावरच्या पाचशेने मागच्या बाकावरचा दहा रुपयांचा हात आखडतो. कापडी पिशवी घ्या, मूठ पूर्ण आत जाईल इतकी खोल, साधारण २५ सेंटिमीटर, आणि आतून अस्तर लावलेली म्हणजे नाणं वाजत नाही. त्याहून चांगली ती नंबरांच्या पाकिटांची पद्धत. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक घराला ५२ पाकिटं द्यायची, पाकिटावर फक्त नंबर. कोणता नंबर कोणत्या घराचा ही यादी एकाच माणसाकडे, बंद पाकिटात तिची प्रत ऑडिटरसाठी. पाळकांकडे ही यादी नको. हे थोडं कडू वाटेल, पण कोण किती देतं हे कळलं की घरभेटीला निघालेली सायकल आपोआप जाड पाकिटाच्या गल्लीत वळते. सोन्याची अंगठीवाला आला की ‘इथे बसा’ आणि मळक्या कपड्यांचा आला की ‘तिकडे उभा राहा’, हे याकोबाने पहिल्याच शतकात लिहून ठेवलं आहे, तेव्हा दोष कोणा एकाचा नाही. ज्याला या आठवड्यात जमत नाही त्याने रिकामं पाकीट टाकावं, आणि ते रिकामं होतं हे कोणी कधीच बोलू नये. पाकिटं वाटून महिन्याभरातच पद्धत बिघडते ती इथे. मोजणाऱ्यांपैकी कोणीतरी बाहेर पडवीत ‘१७ नंबर नुसता हवा देतो’ असं हसत म्हणतो, आणि पुढच्या रविवारी पाकिटं निम्मी होतात.

मोजणीला तीन माणसं, तीन वेगळ्या घरांतली, दर महिन्याला पाळी बदलणारी. नवरा-बायको, बाप-लेक, खजिनदार आणि त्याचा मेहुणा अशा जोड्या नकोत. यात अविश्वास नाही. उद्या बोट उठलं तर या माणसांना निर्दोष ठरवणारा कागद त्यांच्याजवळ असावा, एवढंच. टेबलावर फिकट रंगाची चादर टाका, नाणी घरंगळत नाहीत आणि दिसतात. नोटा ५००, २००, १००, ५०, २०, १० अशा लावा, नाणी वेगळी. घाईत दहाचं आणि वीसचं नाणं एका ढिगात जातं, तिथे थांबा. एकाने मोजलेलं दुसऱ्याने पुन्हा मोजायचं, तिसऱ्याने लिहायचं. मोजणी पत्रकावर किती नोटा, किती रक्कम, एकूण आकड्यात आणि अक्षरात, तिघांच्या सह्या शाईने. दोन प्रती : एक पैशांबरोबर खजिनदाराकडे, एक चिटणीसाकडे. सोमवारी बँकेत भरणा, आणि भरणा पावतीचा नंबर दोन्ही प्रतींवर.

बिघाड कुठे होतो? तीन-चार ठिकाणीच होतो आणि तीच ठिकाणं वर्षानुवर्षं असतात. पिशवीतूनच फुलवाल्याचे पैसे दिले जातात, झाडू मारणाऱ्याचे दिले जातात, पाहुण्या उपदेशकाचं रिक्षाभाडं दिलं जातं, आणि मग उरलेलं मोजलं जातं. उत्पन्नही कमी दिसतं आणि खर्चही. वर्षाअखेर कोणालाच खरं काही सांगता येत नाही. नियम एकच : आलेलं सगळं आधी बँकेत, खर्च नंतर किरकोळ रोखीतून किंवा चेकने, व्हाउचरवर. दुसरं म्हणजे पैसे खजिनदाराच्या घरच्या कपाटात गुरुवारपर्यंत राहतात. घरात आजारपण आलं की ‘उद्या भरतो’ सुरू होतं. चांगल्या माणसाला मोहात टाकायचं काम कमिटीने करू नये. तिसरं, मोजणीत पन्नास रुपये कमी आले तर कोणीतरी प्रेमाने खिशातून भरून जुळवतो. भरू नका. फरक लिहा. सतत जुळणारा हिशेब बघून ऑडिटर उलट सावध होतो.

मोबाइलने दान घेत असाल तर क्यूआर कोड ट्रस्टच्या खात्याचाच हवा. खजिनदाराच्या किंवा पाळकांच्या खासगी नंबरचा ‘तात्पुरता’ लावलेला कोड दोन वर्षं तसाच राहतो. कोडच्या खाली मोठ्या अक्षरात लिहा : ‘स्क्रीनवर अमुक ट्रस्ट हेच नाव आलं पाहिजे.’ दर रविवारी उपासनेआधी स्वतः स्कॅन करून बघा, कारण एका कोडवर दुसऱ्या कोडचं स्टिकर चिकटवायला दोन सेकंद लागतात. आणि दुकानात ‘पाचशे रुपये प्राप्त झाले’ असं ओरडणारा डबा दानपेटीशेजारी ठेवायला कोणी सुचवलं, तर कृपा करून मत्तय सहा पुन्हा वाचा. ग्रुपवर दानाचे स्क्रीनशॉट टाकायला बंदी करा. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये असं सांगितलं होतं. डाव्या हातातल्या मोबाइलला तर नकोच.

नाव झाकणं म्हणजे पावती न देणं असा अर्थ कोणी काढू नये. मागेल त्याला पावती, शांतपणे, पाकिटात. फक्त करसवलतीची खोटी आशा दाखवू नका. निव्वळ धर्मकार्यासाठी असलेल्या ट्रस्टला दिलेल्या दानावर देणाऱ्याला सवलत साधारणपणे मिळत नाही. मंडळीच्या शाळेचा किंवा दवाखान्याचा वेगळा नोंदलेला ट्रस्ट असेल तर तिथली गोष्ट निराळी, आणि तिथेही दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत नाही.

कापणीच्या सणाचा लिलाव हा नाजूक विषय आहे, कारण तो आम्हालाही आवडतो. भोपळा, गव्हाची ओंबी, अंड्यांची टोपली, कोणाच्या तरी घरची पुरणपोळी, आणि बोली बोलणाऱ्याची फिरकी. पण एक भोपळा दोन भावांच्या चढाओढीत पाच हजाराला जातो तेव्हा हसू थांबतं आणि तिसऱ्या घरातला माणूस खाली बघू लागतो. लिलाव ठेवा. पाच-सहा वस्तूंचाच ठेवा, बाकीच्या वस्तूंना चिठ्ठीने बंद बोली लावा किंवा त्या सरळ गरीब घरांना द्या. लेवीयाच्या पुस्तकात शेताच्या कडेचं पीक कापू नका, पडलेल्या ओंब्या वेचू नका, त्या गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडा असं आहे. त्या कडेच्या ओंब्यांवर मालकाचं नाव लिहिलेलं नसे. अहवालात ‘लिलावातून एकूण’ एवढी एक ओळ पुरे. पंख्याच्या पात्यावर, बाकाच्या पाठीवर, पाण्याच्या टाकीवर जी नावं आहेत ती राहू द्या. जुनी खरडून काढण्यात नवा अपमान आहे. नवी मात्र लिहू नका.

नाव न दिसणारं दान किती मोठं होऊ शकतं याचं भारतातलं उत्तम उदाहरण मिझोरममध्ये आहे. तिथल्या प्रेस्बिटेरियन बायकांनी १९१० च्या सुमारास ‘बुहफाइ थाम’ सुरू केलं, म्हणजे मूठभर तांदूळ. स्वयंपाकाला बसताना भांड्यातून एक मूठ काढून बाजूला ठेवायची. मंडळीतल्या बायका ते गोळा करतात, विकून आलेला पैसा चर्चच्या कामाला जातो. एका मुठीत ४५ ग्रॅम धरले तर दोन वेळचे ९० ग्रॅम, महिन्याचे पावणेतीन किलोच्या आसपास. सगळ्या घरांचे तांदूळ एकाच पोत्यात पडले की कोणती मूठ कोणाची हे देवालाच माहीत. ज्या घराला रोख रकमेची लाज वाटते त्या घरालाही रोज द्यायला काहीतरी मिळतं. आपल्याकडे ज्वारी-बाजरीच्या गावांत हे सहज करता येईल. डबा झाकणाचा, कोरडा, कडुनिंबाचा पाला घातलेला हवा आणि पंधरा दिवसांत रिकामा झाला पाहिजे, नाहीतर सोंडे होतात आणि किडलेलं धान्य गरिबाला द्यायची वेळ येते. त्यापेक्षा न दिलेलं बरं.

प्रार्थनेकडे वळतो, कारण रोग तोच आहे. पुष्कळ ठिकाणी दानाच्या पाकिटावर दोन रकाने छापलेले असतात, ‘प्रार्थना विनंती’ आणि ‘रक्कम’. हे पाकीट आजच बंद करा. चिठ्ठ्या वाचणारा कितीही सज्जन असला तरी दोन हजारांची चिठ्ठी वर आणि वीस रुपयांची खाली जाते. विनंतीची पेटी दाराच्या एका बाजूला, दानाची दुसऱ्या बाजूला, आणि विनंतीवर नाव लिहायची सक्ती नको. आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना नाव पुरे, आजाराचं नाव घरच्यांनी सांगितल्याशिवाय नको. कोणाच्या तरी सुनेचा गर्भपात मंडळीला प्रार्थनेतून कळावा, ही प्रार्थना झाली नाही. देवाला माहिती पुरवण्याच्या निमित्ताने बाकांना बातमी दिली गेली. ‘हे प्रभू, तू जाणतोसच की आमच्या अमुक भावाने छपरासाठी…’ हेही त्यातलंच. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशीही देवाला आपल्या दशमांशाची माहितीच देत होता. त्याच गोष्टीतल्या जकातदाराला दया मागणारं एक वाक्य पुरलं.

सार्वजनिक मध्यस्थीची प्रार्थना तीन-चार मिनिटांची ठेवा, आणि प्रत्येक विषयानंतर अर्धा मिनिट खरोखर गप्प बसा. सुरुवातीला लोक खोकतात, तिसऱ्या-चौथ्या रविवारपासून शांत होतात. प्रभूच्या प्रार्थनेत ‘माझी भाकर’ नाही, ‘आमची रोजची भाकर’ आहे. शेजारच्या घरात पीठ नसताना ती म्हटली तर आपण त्याच्यासाठीही मागितलेलं असतं, आणि उत्तर बऱ्याचदा आपल्याच कणगीत पडलेलं असतं. दान वेदीजवळ आणताना भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर दान तिथेच ठेव, आधी समेट कर, असंही येशू सांगतो. दुसऱ्या शतकात जस्टिन हुतात्म्याने रोमच्या उपासनेचं वर्णन केलं आहे, त्यात आधी प्रार्थना, मग एकमेकांना शांतीचं चुंबन, मग भाकर आणि प्याला पुढे येतात. ज्या मंडळ्यांत दानार्पण शांतीच्या अभिवादनाआधी घेतात त्यांनी क्रम बदलून बघावा.

फादर, कॅथलिक बाजूला यातलं बरंच आधीच नियमांत आहे. मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, दानात व्यापाराचा वाससुद्धा येऊ नये असं चर्चचा कायदा ९४७ व्या कलमात सांगतो. गरिबांनी काही दिलं नाही तरी त्यांच्या हेतूसाठी मिस्सा करावी अशी शिफारस ९४५ मध्ये आहे. गरिबीमुळे कोणी संस्कारांपासून वंचित राहू नये, हे ८४८ मध्ये. प्रत्येक धर्मग्रामाला अर्थसमिती हवीच, हे ५३७ मध्ये. श्रद्धावंतांनी दिलेल्या मालमत्तेचा हिशेब त्यांना द्यावा, हे १२८७ मध्ये. ज्या हेतूने दान दिलं त्याच हेतूसाठी ते खर्चावं, हे १२६७ मध्ये. नियम नव्याने लिहायचे नाहीत, दाराशेजारच्या फळ्यावर आणायचे आहेत.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत वर्गणी थकली म्हणून दफनाला अडवणूक होते, लग्नाच्या जाहिरनाम्यासाठी आधी थकबाकी भरायला लावतात. मंडळीच्या मतदार यादीसाठी वर्गणीची अट तिच्या घटनेत असेल तर ती तिथेच ठेवा. प्रेत दारात ठेवून वही उघडायची नाही. हे एवढं लिहावं लागतं, यातच सगळं आलं.

दशमांश आणि ‘बीज पेरा, शंभरपट घ्या’ हा प्रकार वेगळा ओळखायला हवा. मलाखीचं ‘भांडारात दशमांश आणा’ हे वचन सगळ्यांना पाठ असतं. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश लेवी, परका, पोरका आणि विधवा यांनी पोट भरून खावा म्हणून गावातच ठेवायला सांगितलं आहे, ते वचन कोणी पाठ करत नाही. पौलाचं माप तर अगदी सरळ आहे : जवळ असेल त्याप्रमाणे द्या, नसेल त्याप्रमाणे नको. बचत गटाच्या कर्जाचा हप्ता काढून कोणी सभेत ‘बीज’ टाकत असेल तर ते पैसे परत करण्याची हिंमत व्यासपीठाने दाखवावी. डिडाखे या अगदी जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत म्हटलंय की आत्म्याने बोलतो असं सांगून जो स्वतःसाठी पैसे मागतो त्याचं ऐकू नका. दुसऱ्या गरजवंतांसाठी मागत असेल तर त्याला कोणी नावं ठेवू नये. सगळ्या मेळाव्यांच्या दारावर लावावी अशी ही कसोटी आहे.

गरीब फंडातून मदत देताना दोन माणसांनी घरी जावं, संध्याकाळी, पिशवीवर काही न छापता. १८३३ मध्ये पॅरिसला सुरू झालेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं मूळ काम हेच, गरिबांच्या घरभेटी. किट हातात देतानाचा फोटो काढू नका. मदत घेणाऱ्यांची नोंद असलीच पाहिजे, पण ती वही कुलपात, ऑडिटर आणि दोघे कार्यकर्ते सोडून कोणासाठी नाही. फळ्यावर फक्त ‘कुटुंबं ९, रक्कम इतकी’. आणि ती रक्कम एकूण जमेशी ताडून बघा. बऱ्याच ठिकाणी मंडप आणि साउंडवरचा नाताळचा खर्च वर्षभराच्या गरीब फंडापेक्षा मोठा निघतो. आकडा फळ्यावर आला की त्यावर वेगळा उपदेश लागत नाही.

उघडा हिशेब म्हणजे वार्षिक सभेत शेवटच्या दहा मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ नव्हे. दर महिन्याला एक कागद, दाराशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर. मागील शिल्लक, महिन्याची जमा, प्रकारवार खर्च, शिल्लक, आणि प्रत्येक राखीव फंडाची वेगळी ओळ. छपराच्या फंडातून दोन महिन्यांचा पगार काढला असेल तर ती उसनवार म्हणून लिहा, परत कधी करणार तेही लिहा. ट्रस्टी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज गेला पाहिजे, जमीन किंवा इमारत विकायची तर त्यांची पूर्वपरवानगी पाहिजे. चर्चच्या जमिनींची बरीच भांडणं कोर्टात पोचतात ती न भरलेल्या बदल अर्जांवरूनच.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी नावांच्या यादीऐवजी एवढंच वाचून दाखवा : ‘गेल्या महिन्याचं एकूण अर्पण इतकं. पाकिटं इतकी. गरीब फंडातून इतक्या घरांना इतकी मदत गेली. मोजणी करणारे हे तीन सभासद. कागद दाराजवळ लावला आहे, शंका असेल त्यांनी बुधवारी संध्याकाळी सहा ते सात खजिनदारांना भेटावं, वह्या टेबलावर असतील.’ वाचायला अर्धं मिनिट लागतं. बुधवारी खुर्च्या मात्र चार-पाच जास्त मांडा.

आपले,
मोजणीच्या टेबलाशी बसणारे काही सभासद